‘किरकोळ भांडण’ म्हणून मिटवू नका: द्वेषातून झालेल्या गुन्ह्याची फिर्याद कशी द्यायची, आणि गावाने काय करायचं

आपल्या कायद्याच्या पुस्तकात ‘द्वेषगुन्हा’ नावाचं वेगळं कलम नाही. मारहाण मारहाणीच्या कलमात जाते, फुटलेली काच नुकसानीच्या. मार का बसला हे कागदावर आलं नाही, तर बांधावरून झालेली हाणामारी आणि जातीवरून झालेली हाणामारी कोर्टात सारखीच दिसते. हे ‘का’ पहिल्या जबाबात नसेल तर नंतर घातलेलं सहसा टिकत नाही. बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे फिर्यादीत का नव्हतं?

भांडण की द्वेष

आधी तोंडातून निघालेले शब्द आठवा. मग माणूस कसा निवडला गेला ते बघा. नाक्यावर दहा रिक्षा उभ्या असताना एकाच मोहल्ल्यातल्या तीन रिक्षांच्या काचा फुटल्या, तर तो योगायोग नसतो. वेळही बोलते: आंतरजातीय लग्नाची नोंदणी झाली त्याच आठवड्यात, पालखीच्या आदल्या रात्री, किंवा एखादी क्लिप ग्रुपवर फिरली त्या संध्याकाळी. आणि मागचा इतिहास पाहा. विहिरीवरून, पाखाडीवरून (वाडीतल्या दगडी पायवाटेवरून), स्मशानाच्या वाटेवरून याआधी काय झालं होतं, तेव्हा अर्ज दिला होता का, त्याची पोच कुठे आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. दोन्हीकडून शिव्या झाल्या पण जातीचा उच्चार झालाच नाही, तर तो झाला असं लिहू नका. उलटतपासणीत एक वाक्य खोटं निघालं की नऊ खरी वाक्यंही त्याच्याबरोबर जातात.

वाळीत टाकणं: जखम न दिसणारा गुन्हा

कोकणात सगळ्यात जास्त लपून राहणारा प्रकार हाच. गावकी (गावच्या मानकऱ्यांची पंचायत) बसते. वर्गणी भरली नाही, निवडणुकीत दुसऱ्याचं काम केलं, मुलीने जातीबाहेर लग्न केलं, असं काहीतरी कारण निघतं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाला म्हणतो पट्टा तुटलाय, दुकानदार म्हणतो माल संपला. शिमग्यात पालखी सगळ्या घरी जाते आणि एका घराच्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) सरळ पुढे निघते. मयत झालं तर खांद्याला माणूस मिळत नाही.

रायगड जिल्ह्यातली अशी प्रकरणं गाजल्यावर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. विधिमंडळाने तो २०१६ साली मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणी देणारा आणि मदत करणाराही त्यात येतो. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाची परवानगी न घेता तपास करता येतो. पण तो जामीनपात्रही आहे. फिर्याद दिली की सगळे मानकरी आत जातील, अशी आशा धरणाऱ्यांची तिथे निराशा होते, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

या कायद्याचा मोठा उपयोग असा, की त्याला जात वेगळी असावी लागत नाही. कुणबी वाडीने कुणबी घराला, कोळीवाड्याने कोळी घराला, बौद्धवाडीने आपल्याच माणसाला वाळीत टाकलं, तरी तो लागतो. बैठक भरणार आहे अशी आधीच कुणकुण लागली, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बहिष्कारासाठी भरणारी बैठक रोखण्याचा आदेश ते काढू शकतात.

अडचण येते ती पुराव्याची, कारण नकार कोणी लिहून देत नाही. म्हणून घरात एक वही ठेवा आणि नकार झाला त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, कोणाकडे गेलो, काय मागितलं, नेमकं काय उत्तर मिळालं, बाजूला कोण उभं होतं. दुकानात एकट्याने जाऊ नका, शक्यतो दुसऱ्या गावचा माणूस सोबत न्या. ‘माल संपला’ असं उत्तर मिळाल्यावर दहा मिनिटांनी तोच माल दुसऱ्याला मिळाला, तर त्या दुसऱ्याचं नाव वहीत आलं पाहिजे. आंबे उतरवायला गडी येईनासे झाले, तर गेल्या वर्षी कोण येत होते आणि किती मजुरी दिली याचा हिशोब काढून ठेवा. गावकीच्या वहीत दंडाची नोंद असते, काही ठिकाणी पावतीही फाडतात. दंड भरून आलेल्या माणसाकडे ती पावती असते, आणि पन्नास तोंडी साक्षींपेक्षा तिचं वजन जास्त.

आणखी एक गुंता: बैठक बऱ्याचदा गावात होतच नाही. ती मुंबईत, चाकरमान्यांच्या मंडळाच्या खोलीवर होते आणि गावात फक्त निरोप येतो. मग गावचं ठाणं म्हणतं मुंबईत जा, आणि मुंबईचं ठाणं म्हणतं गावी जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ते ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवतं आणि योग्य ठाण्याकडे पाठवतं. परत पाठवत असतील तर ‘शून्य क्रमांकाने घ्या’ हे शब्द वापरा.

कोणता कायदा कोणाला

पीडित अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल आणि आरोपी नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा, ज्याला सगळे ‘अॅट्रॉसिटी’ म्हणतात. बौद्ध झालेल्यांना तो लागत नाही, हा गैरसमज अजून ऐकू येतो. १९९० पासून बौद्धही अनुसूचित जातींत धरले जातात. कातकरी, ठाकर ही कुटुंबं जमातीत येतात. त्यांच्याकडे पुष्कळदा दाखलाच नसतो आणि ‘आधी दाखला आणा’ म्हणून त्यांना माघारी धाडलं जातं. गुन्हा नोंदवण्याआधी दाखला हवा, अशी अट कायद्यात नाही. तो तपासात मागाहून जोडता येतो.

जातिवाचक शिवीगाळीच्या कलमात ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही अट आहे आणि पुष्कळ खटले तिथेच पडतात. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना दिलेली शिवी त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. त्यामुळे ‘घरी येऊन शिव्या दिल्या’ एवढंच लिहिलं तर केस अर्धी संपली. माजघरात, पडवीत की अंगणात? अंगण पाखाडीवरून दिसतं का? त्या वेळी पाखाडीवर कोण होतं? घरच्यांखेरीज निदान एक साक्षीदार हवा. आणि शिवी शब्दशः लिहा. ‘जातीवाचक अपशब्द वापरले’ हे ठाणे अंमलदाराचं आवडतं वाक्य आहे, पण त्यातून कोर्टाला काहीच कळत नाही. लाज वाटते, विशेषतः बायकांना. तरी तो शब्द आणि जातीचं नाव जसंच्या तसं कागदावर यायला हवं.

याच कायद्यात विहीर, पऱ्या (ओढा), रस्ता, स्मशान वापरू न देणं, देवळात जाऊ न देणं आणि सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हेही गुन्हे आहेत. म्हणजे बौद्धवाडीला गावाने वाळीत टाकलं, तर हा कायदा लागतो.

धर्म, भाषा, प्रांत यांवरून झालेल्या गुन्ह्यांना अॅट्रॉसिटी लागत नाही. तिथे भारतीय न्याय संहिता. दोन गटांत तेढ वाढवणं कलम १९६, प्रार्थनास्थळाची विटंबना २९८, धर्मभावना मुद्दाम दुखावणं २९९, अफवा पसरवणं ३५३. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात किंवा समाज, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून जीव घेतला तर १०३(२), जबर दुखापत केली तर ११७(४). ही शेवटची दोन कलमं १ जुलै २०२४ पासूनची नवी आहेत, म्हणून जमावात किती जण होते हा आकडा फिर्यादीत लिहाच. ‘बरेच लोक’ लिहिलं तर कलम निसटतं. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा आणि दिव्यांगांसाठी २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

कलम १९६ आणि २९९ मध्ये कोर्टाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. ‘मंजुरी नाही, म्हणून गुन्हा घेता येत नाही’ असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. मंजुरी खटल्याला लागते, गुन्हा नोंदवायला नाही.

पहिला दिवस

धोका चालू असेल तर ११२. जखमी असेल तर आधी सरकारी दवाखाना, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. डॉक्टर विचारतात ‘काय झालं’, आणि भीतीपोटी माणूस म्हणतो ‘पडलो’. हा एक शब्द पुढे खटला बुडवतो, कारण तो केसपेपरवर तारीख-वेळेसकट उतरतो. कोणी, कशाने, कुठे मारलं ते सांगा आणि मेडिको-लीगल नोंद (दवाखान्यातली पोलीस केसची नोंद) झाल्याची खात्री करा. सिंधुदुर्गातून गंभीर रुग्ण गोव्याला बांबोळीला नेतात. तिथली कागदपत्रं परराज्यातली असल्याने इकडच्या तपासी अंमलदाराकडे आपोआप पोचतील असं धरून चालू नका. डिस्चार्जच्या वेळी प्रती घ्या आणि तिथला नोंद क्रमांक ठाण्याला लेखी कळवा.

जागा धुऊ-पुसू नका, पण पावसाचा भरवसाही धरू नका. जून ते सप्टेंबरात चिऱ्याच्या भिंतीवर लिहिलेला मजकूर एका सरीत जातो. आधी लांबून, घर आणि रस्ता दोन्ही दिसतील असा फोटो, मग जवळून, मग माप कळावं म्हणून बाजूला पट्टी किंवा काडेपेटी ठेवून. फुटलेला दगड, बाटली हाताळू नका. त्यावर टोपलं पालथं घाला आणि पंचनाम्याची वाट बघा.

मोबाइलचं काम सगळ्यात जास्त बिघडतं. संतापून माणूस ग्रुप सोडतो, मेसेज उडवतो, किंवा चार ठिकाणी पुढे पाठवतो. तिन्ही नकोत. स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. तुम्ही ‘बाळूशेट’ म्हणून सेव्ह केलेलं नाव कोर्टात काही सिद्ध करत नाही. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, ग्रुपचं नाव आणि सदस्यांची यादी टिपून घ्या, मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय असा पुरावा अडतो. त्यात एक भाग फोनवाल्याचा आणि एक तज्ज्ञाचा असतो. तपासी अंमलदाराला याची लेखी आठवण द्या. सदस्याच्या पोस्टसाठी ग्रुप अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा आरोपीत अॅडमिनचं नाव घालायचं तर त्याची साथ होती हे दाखवावं लागेल.

ठाण्यात

पोलीस पाटलांना कळवा, पण तिथे थांबू नका. त्यांना गुन्हा नोंदवता येत नाही, ते फक्त ठाण्याला कळवतात. गाव ठाण्यापासून लांब असेल तर आधी दूरक्षेत्रात (ठाण्याच्या हाताखालच्या चौकीत) जाता येतं, मात्र गुन्हा क्रमांक ठाण्यातूनच पडतो आणि तो हातात आल्याशिवाय ‘तक्रार दिली’ म्हणता येत नाही. ईमेलने किंवा ऑनलाइन खबर दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते.

घरूनच एका कागदावर क्रमाने लिहून न्या: दिवस, वेळ, जागा, कोण, किती जण, काय बोलले, काय केलं, कोणी पाहिलं, आधी काय घडलं होतं. अंमलदार टाइप करतो तेव्हा वाक्यं गुळगुळीत होतात, म्हणून सहीआधी पूर्ण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी खबर वाचून दाखवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे. प्रथम खबरी अहवालाची प्रत फुकट मिळते.

इथे नेहमी चार ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, ‘एनसी’. गुन्हा दखलपात्र असताना अदखलपात्र नोंद करून हातात चिठ्ठी देतात आणि माणूस तीच फिर्याद समजून घरी येतो. चिठ्ठीवर कलम बघा. बहिष्काराचं, अॅट्रॉसिटीचं किंवा १९६ चं कलम नसेल तर काम झालेलं नाही.

दुसरं, ‘आधी चौकशी करतो’. ३ ते ७ वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. अॅट्रॉसिटीत मात्र कलम १८-अ प्रमाणे अशा चौकशीची गरज नाही.

तिसरं, तंटामुक्ती समिती. गुरांच्या, बांधाच्या वादात तिचा उपयोग झाला आहे, पण अॅट्रॉसिटीचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. ‘गावाची बदनामी होईल’ या वाक्यावर कोऱ्या कागदावर सही करू नका.

चौथं, उलटी केस. तुमच्या फिर्यादीनंतर दोन तासांत समोरच्याकडून चोरीची किंवा विनयभंगाची तक्रार येते, किंवा पोलीस दोन्ही बाजूंवर ‘चॅप्टर केस’ करतात. म्हणून वेळ महत्त्वाची: तुमची खबर किती वाजता नोंदली ते प्रतीवर बघा. शांतता राखण्याच्या हमीपत्रावर सही केली म्हणून तुमची फिर्याद रद्द होत नाही. ती निराळी, प्रतिबंधक कारवाई आहे.

गुन्हा घेतलाच नाही तर मजकूर रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोच जपा. त्यानेही हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ठरवलं आहे. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे क्रमांक चालू आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत, तेव्हा मुंबईचा वकील ठरवण्याआधी विचारून घ्या. रायगडचं काम मुंबईतच आहे.

साक्षीदार जातो त्याआधी

आंब्याच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी गडी मे संपता संपता घरी जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशीही निघून जातात. मे महिन्यातल्या घटनेचा एकमेव साक्षीदार असा असेल तर पोलिसांसमोरचा जबाब पुरत नाही. त्याच संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवावा, असा लेखी अर्ज तपासी अंमलदाराला लगेच द्या. त्याचा मूळ गावचा पत्ता आणि घरच्या माणसाचा नंबर घ्या. दुभाषी लागणार असेल तर तेही अर्जात लिहा. मार खाणारा स्वतःच परप्रांतीय असेल तर तो मालकाच्या भीतीने गप्प बसतो. अशा वेळी फिर्याद दुसऱ्या कोणीही दिली तरी चालते, पाहणाऱ्यानेही.

गुन्हा नोंदल्यावर

अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. तसं झालं तर पुढे खटल्यात त्रुटी निघते, म्हणून नाव आणि हुद्दा विचारा. दोषारोपपत्रासाठी ६० दिवस. अटकपूर्व जामिनाला कायद्याने मनाई आहे. जामिनाच्या सुनावणीची खबर पीडिताला मिळाली पाहिजे (कलम १५-अ). नोटीस न येता जामीन झाला तर हाच मुद्दा धरून वकील पुढे जाऊ शकतो.

अर्थसाहाय्य ८५ हजार ते सव्वाआठ लाख रुपयांपर्यंत, गुन्ह्याप्रमाणे. लोकांसमोर जातीवरून अपमान केल्याच्या गुन्ह्यात १ लाख: पाव रक्कम गुन्हा नोंदल्यावर, निम्मी दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेली शिक्षा झाल्यावर. जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे बँक पासबुक, आधार आणि गुन्ह्याची प्रत देऊन स्वतः पाठपुरावा करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक निदान ३ महिन्यांतून एकदा व्हायला हवी. रखडलेलं प्रकरण त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या, असा अर्ज देता येतो.

बाकीच्या गावाने

पीडित घराला पहिल्या आठवड्यात भाषणं नको असतात. पाणी, दळण, औषध, पोरांना शाळेत सोडायला सोबत आणि रात्री पडवीत झोपायला दोन माणसं हवी असतात. त्यांचा व्हिडिओ काढून ‘निषेध’ म्हणून फिरवू नका. त्यात पोरांचे चेहरे जातात आणि आरोपीला कोण साक्षीदार आहेत तेही कळतं.

अफवेचा वेग लक्षात ठेवा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यालेल्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, तो ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ ही आवई उठल्यावर. २०१८ मध्ये धुळ्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. गावात अनोळखी माणूस दिसला आणि ग्रुप पेटायला लागला, तर वाद घालण्यापेक्षा ठाण्याला फोन करा आणि ‘ठाण्याला कळवलं आहे, ११ वाजता’ एवढंच ग्रुपवर टाका. चढलेला सूर बऱ्याचदा तेवढ्याने उतरतो.

शिमगा, गणपती, मोहरम, ईद यांच्याआधी ठाण्यात शांतता समिती बसते. तिथे चहा पिऊन ‘आमच्या गावात एकोपा आहे’ असं सगळेच म्हणतात. त्यापेक्षा पालखी कोणत्या वाटेने, किती वाजता, मशिदीसमोर वाजंत्री कुठल्या वळणावर थांबेल, बौद्धवाडीत जाणार की नाही, आणि काही झालं तर दोन्हीकडून बोलणारी दोन-दोन माणसं कोण, हे लिहून घ्या. गावकीच्या, मोहल्ल्याच्या आणि वाडीच्या सह्या घ्या. एक प्रत ठाण्यात, एक ग्रामपंचायतीत. पुढच्या वर्षी होळीच्या पंधरा दिवस आधी तीच प्रत बाहेर काढायची.